अप्पांचा कान

"घर लहान आहे, तेव्हा सेटही लहानच बघा. फार महाग नको. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं तुम्हीच निवडा," असं सासऱ्यांनी समोर बसवून सांगितलं, तेव्हा जावयाच्या पोटात गोळा आला. हे फोनवर सांगितलं असतं तर निदान चेहरा तरी लपवता आला असता. पण सासरे फोनवर बोलतच नसत. फोनमध्ये माणसाच्या आवाजाची वाट लागते, असं त्यांचं मत होतं.

हा जावई तसा भित्रा नव्हता. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो पर्यवेक्षक होता. चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहून, खाली काळोख पसरलेला असताना, तो शीळ घालत दोर तपासायचा. मात्र सासऱ्यांसमोर बसलं की त्याची पाचावर धारण बसायची.

सासरे म्हणजे घरादाराचे अप्पा. रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. गाण्यात एक तार किंचित उतरली तरी हा माणूस काचेपलीकडून हात वर करायचा, असं म्हणत. आजही शेजारीपाजारी नवा रेडिओ घेतला की आधी अप्पांच्या कानाखालून घालून नेत. त्या घराची सगळी प्रतिष्ठा त्या दोन कानांवर उभी होती.

लग्नानंतरच्या सहा वर्षांत जावयाने या घरात एक पंखा, एक मिक्सर आणि एक छत्री आणली होती. दर वेळी तो वस्तूचे गुण सांगत असताना अप्पा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, बराच वेळ बघत, आणि शेवटी म्हणत, "बरं." तेवढंच. मग सासूबाई ती वस्तू उचलून माळ्यावर टाकत आणि हळूच म्हणत की ह्यांना काही पसंत पडलेलं दिसत नाही. माळ्यावर जावयाच्या नावाचा एक कोपराच झाला होता.

अप्पा नेमकं काय बघतात, यावर जावयाने खूप डोकं खपवलं होतं. शेवटी त्याला वाटलं, मिशी. त्याची झुपकेदार मिशी त्यांच्या डोळ्यांत खुपत असणार. दुसऱ्या वर्षी त्याने ती उतरवली. आणि काय आश्चर्य, त्यानंतर "बरं" जरा कमी झालं, अधूनमधून अख्खं वाक्य पदरात पडू लागलं. त्या दिवसापासून मिशीचं नाव काढलं तरी त्याच्या अंगावर काटा येई.

आता मात्र प्रकरण थेट कानाचं होतं. पहिल्या दुकानदाराने सांगितलं, पैसे स्पीकरमध्ये घाला, अ‍ॅम्प्लिफायर कुठलाही चालतो. दुसऱ्याने सांगितलं, अ‍ॅम्प्लिफायर चांगला घ्या, स्पीकर काय, खोकीच ती. तिसऱ्याने त्याला खुर्चीवर बसवून सात जोड्या वाजवून दाखवल्या आणि प्रत्येकीनंतर विचारलं की फरक कळला ना. जावई दर वेळी मान डोलवत होता. खरं म्हणजे त्याला सातही सारख्याच ऐकू आल्या होत्या.

शेवटी त्याने लिफ्टवाल्याला जमेल तेच केलं. वजन बघितलं. लिफ्टच्या धंद्यात हलका माल म्हणजे खोटा माल. त्याने ठरलेल्या पैशात बसणारे सगळे अ‍ॅम्प्लिफायर एकेक करून उचलले, स्पीकर बगलेत धरून पाहिले, आणि जे उचलताना तोंडातून आवाज निघाला ते घेतले. दुकानदार म्हणाला, असं निवडणारा माणूस आजवर पाहिला नाही.

रविवारी सकाळी तो सासरी सेट जोडायला बसला. जोडताना त्याचं सगळं लक्ष अप्पांच्या खुर्चीकडे होतं, आणि उजव्या स्पीकरच्या तारेचे केसासारखे दोन-तीन धागे खाचेबाहेर राहिले. बायकोने जाता जाता आठवण करून दिली, "अप्पा डोळे मिटून ऐकतात. त्यांनी डोळे उघडेपर्यंत हलायचं नाही. आमच्या आत्याचे यजमान एकदा मध्येच खोकले होते. अजून आमच्याकडे येताना ते गोळ्या चघळत येतात."

एवढं बोलून ती आईबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. अप्पा ऐकायला बसले की घरात भांड्याला भांडं लागायचं नाही, ही जुनी पद्धत होती. खोलीत दोघंच उरले. अप्पांनी व्हायोलिनची सीडी दिली, त्यांनी स्वतः मुद्रित केलेली. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक नजर टाकली, डोळे मिटले, आणि बोट वर केलं. जावयाने सीडी-प्लेअरचं बटण दाबलं.

व्हायोलिन सुरू झालं. अप्पांचं बोट हलू लागलं. दीड मिनिट सगळं सुरळीत चाललं. मग 'टक्' असा बारीक आवाज झाला, अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झाला आणि खोलीत शांतता पसरली.

तारेचे ते केस एकमेकांना चिकटले असणार आणि यंत्राने स्वतःला वाचवायला गाशा गुंडाळला असणार, हे जावयाला लगेच कळलं. बंद करून पुन्हा चालू केलं की झालं असतं. पण अ‍ॅम्प्लिफायरचं बटण अप्पांच्या कोपराशी होतं, आणि हलायचं तर नव्हतं. तो अप्पांनी डोळे उघडण्याची वाट पाहू लागला.

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचं बोट हलत राहिलं. मध्येच त्यांनी भुवई उंचावली, एकदा समाधानाने मान हलवली. ही शिक्षा आहे, जावयाच्या मनात आलं. आपल्याला शांततेत उभं-आडवं भाजून काढायचं ठरवलेलं दिसतंय. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला, तोही त्याने पुसला नाही. सीडी-प्लेअरवरचे आकडे मुकाट्याने पुढे सरकत होते. अठरा मिनिटं चाळीस सेकंद झाली, तुकडा संपला, आणि बरोब्बर त्याच क्षणी अप्पांनी डोळे उघडले.

"छान," ते म्हणाले. "मधले सूर मोकळे आहेत. शेवटी गज उचलल्याचा आवाजसुद्धा आला."

आता मात्र जावयाचा धीर सुटला. इतक्या थंडपणे टोमणा मारणाऱ्या माणसापुढे लपवून काय उपयोग? तार बघण्याच्या निमित्ताने तो अप्पांच्या खुर्चीमागे गेला आणि तिथूनच, वाकल्या वाकल्या, रडवेल्या आवाजात त्याने सगळं कबूल केलं. "अप्पा, चुकलो मी. दुसऱ्या मिनिटालाच बंद पडलं ते. मला स्पीकरमधलं काही म्हणजे काही कळत नाही. मी वजनावर घेतलेत."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. ते हलले नाहीत, काही बोलले नाहीत. जावई पुढे येऊन अपराध्यासारखा उभा राहिला. अप्पांनी चमकून वर पाहिलं, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरं."

त्या क्षणी जावयाच्या डोक्यात पंखा, मिक्सर, छत्री, फोन आणि मिशी हे सगळं एकदम फिरून गेलं. अप्पा त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, मिशी असायची त्या जागेकडेही नव्हते. ते ओठांकडे बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पदराला हात पुसत सासूबाई आल्या. "अहो, बंद का ठेवलंय केव्हाचं? आत तर सुरुवातीनंतर काहीच ऐकू आलं नाही."

अप्पांनी आधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. लाल दिवा त्यांना आता दिसला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, खुर्चीच्या हातावरची बोटं आवळली गेली. ही भीती जावयाच्या चांगल्या ओळखीची होती. सहा वर्षं ती रोज दाढी करताना त्याला आरशात दिसत होती. त्याला अप्पांची फार दया आली, इतकी की स्वतःचं घाबरणं तो विसरला.

तो सरळ अप्पांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मग मीच आवाज अगदी बारीक केला होता. यंत्राची परीक्षा बारीक आवाजातच होते ना, अप्पा?"

अप्पांचा श्वास सुटला. "बारीकच," ते म्हणाले. "आणि तो दिवा आत्ता लाल झाला, ऐकून झाल्यावर." मग आवाज चढवून सासूबाईंना म्हणाले, "ह्यांना कळतं हो. कान आहे ह्यांना. यापुढे या घरात काही घ्यायचं असलं, की ह्यांनाच विचारायचं. आणि तो माळ्यावरचा पंखा काढा खाली."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या नातलगांत पोचली. आत्याच्या यजमानांनी फोन करून विचारलं, आमच्या दिवाणखान्यासाठी कुठले स्पीकर घेऊ, आणि केव्हा येता ऐकायला. जावयाच्या पोटात नवा गोळा आला, आणि हा आता जन्माचा सोबती आहे हे त्याला कळून चुकलं.

निघताना अप्पा त्याला सोडायला जिन्यापर्यंत आले. आजवर ते कधी आले नव्हते. त्यांनी मागे वळून दार लोटलेलं असल्याची खात्री केली, जावयाचा दंड धरला आणि त्याच्या ओठांकडे बघत म्हणाले, "दर रविवारी या. शेजारी बसा. थांबलं की माझ्या हाताला हात लावा."

जावयाने मान डोलवली.

"आणि एक करा," अप्पा म्हणाले. "मिशी तेवढी पुन्हा ठेवू नका."

"बरं," जावई म्हणाला.