सवलतीने मान्य

प्रभाकर तामणकरांनी आपल्या मुलीसाठी आलेली चौदा स्थळं नापास केली होती आणि प्रत्येकाचं कारण वहीत तारखेसह लिहून ठेवलं होतं. कोलशेतच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासण्यात गेल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही. निवृत्त होताना टेबलावरचे तीन शिक्केही ते आठवण म्हणून डोंबिवलीला घरी घेऊन आले. 'मान्य' आणि 'नामंजूर' झिजले होते. तिसरा, 'सवलतीने मान्य', कोरा करकरीत होता. थोडा दोष असला तरी माल चालवून घ्यायचा असेल तेव्हा तो वापरायचा असतो. तामणकरांवर तशी वेळच आली नव्हती.

मुलगी नीला ठाण्याला बँकेत होती. वय एकोणतीस. वडिलांच्या वहीबद्दल ती काही बोलत नसे. घरी आली की बँकेचा फोन आज पुन्हा बंद पडला होता एवढंच सांगे आणि कुकर लावायला घेई.

अठ्ठ्याण्णव साली तामणकर स्टेशनजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकले आणि गल्लीतल्या वधूवर मंडळाचे फॉर्म कॉम्प्युटरवर घेण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मंडळ सर्व जातींसाठी खुलं होतं. तामणकर जातपात मानत नसत. मानावी की नाही असा प्रसंगही कधी आला नव्हता. पर्ल नावाच्या भाषेत त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. पद्धत अशी, की प्रत्येक उमेदवाराला एक महिरपी कंस. आत 'उंची', पुढे दोन टिंबं, पुढे आकडा, मग स्वल्पविराम. असं करत सगळी माहिती संपली की कंस बंद.

टाइप करायला हेमा नावाची मुलगी होती. तिने चारशे बारा फॉर्म चढवले. प्रोग्रॅमने ते वाचायला घेतले आणि चौथ्या ओळीवर स्वल्पविराम नाही म्हणून काम थांबवलं. हेमाने तो घातला, तर प्रोग्रॅम सहाव्या ओळीवर थांबला. आठवडाभरात नऊ उमेदवार आत आले आणि हेमा तापाने आजारी पडली.

मंडळाच्या चिटणीस मंदाकिनीबाईंनी तामणकरांना बोलावून घेतलं. बाईंनी चाळीस वर्षांत दोनेकशे लग्नं जुळवली होती आणि त्यांतलं एकही फॉर्म नीट भरल्यामुळे जुळलेलं नव्हतं.

"प्रभाकरराव, माणसं अर्धवटच लिहितात. तुमच्या त्या प्रोग्रॅमला म्हणावं, जरा सांभाळून घे."

तामणकरांना ते लागलं. पण काम अंगावर घेतलेलं होतं, म्हणून त्यांनी घरी बसून दुसरा, सांभाळून घेणारा प्रोग्रॅम लिहिला. स्वल्पविराम राहिला असेल तर ओळ संपली की तो आहे असं धरायचं. कंस बंद करायचा राहिला असेल तर थांबायचं नाही, त्याच माणसाची माहिती समजून पुढे वाचत राहायचं. एकच गोष्ट दोनदा आली तर नंतरची खरी मानायची. हे नियम लिहिताना त्यांचं पित्त खवळलं होतं. हेमा अजून अंथरुणाला खिळलेली, म्हणून उरलेल्या दुरुस्त्या रविवारी नीलाने बसून केल्या.

सोमवारी प्रोग्रॅम एका दमात शेवटपर्यंत गेला. नीलासाठी तामणकरांनी वीस मुद्द्यांची यादी आधीच तयार ठेवली होती. आजवर कोणी चौदाच्या पुढे गेलं नव्हतं. त्या दिवशी एकाला वीसपैकी वीस मिळाले.

कान्हा तांडेल. टेलिफोन खात्यात कायम. उंची पाच फूट नऊ. राहणार कोलशेत. आहार शाकाहारी, छंद नाट्यसंगीत, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट. तामणकर आडनावाशी क्षणभर अडखळले. पण वीस मुद्द्यांत आडनाव नव्हतं, आणि स्वतःच केलेल्या यादीपुढे त्यांचं काही चालेना. कोलशेतच्या कोळीवाड्यावरून ते तीस वर्षं कंपनीच्या बसने गेले होते. खाली उतरण्याचं काही कारण पडलं नव्हतं.

रविवारी ते नीलाला घेऊन उतरले. घर खाडीजवळ होतं, अंगणात जाळं वाळत होतं. मुलगा उंच, शांत, पांढऱ्या शर्टात. त्याची आई जनाबाई मोकळी बाई होती. तामणकरांनी मुद्दा क्रमांक एकपासून सुरुवात केली आणि एखादं नाट्यपद ऐकवायची विनंती केली. कान्हाने आईकडे पाहिलं, आईने कान्हाकडे. मग त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की त्याला गाता येत नाही, फक्त फोनचा आवाज तेवढा स्वच्छ करून देता येतो. डोंबिवलीच्या फ्लॅटचं विचारलं तर जनाबाईंनी, कोनाचा, म्हणून विचारलं. तेवढ्यात चहाबरोबर तळलेल्या कोलंबीची ताटली आली.

"तुम्ही शाकाहारी ना?" तामणकर म्हणाले.

"कोन? आमचा कान्हा?" जनाबाई हसून हसून खाली बसल्या.

तामणकर नुसता चहा प्यायले. नीलाने मात्र पाच कोलंब्या खाल्ल्या. शेपटीचा तुकडा ती ज्या सफाईने ताटलीच्या कडेला ठेवत होती, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं. मुलगी यजमानांचा मान राखते आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत, यादी मोजायला बसले. फॉर्म चारशे बारा. कॉम्प्युटरमध्ये माणसं चारशे अकरा. डोंबिवलीचे मधु केतकर, शाकाहारी, फ्लॅटचे मालक, नाट्यसंगीताचे शौकीन, हा सद्गृहस्थ कुठेच नव्हता. केतकरांचा कंस बंद झालेला नव्हता. प्रोग्रॅमने सांभाळून घेतलं होतं आणि लगेच पुढे आलेला कान्हा त्यांच्यात मिसळून टाकला होता. कान्हाने नाव, नोकरी, उंची आणि पत्ता एवढंच लिहिलं होतं. तेवढं त्याचं लागलं, बाकी सगळं केतकरांचं राहिलं.

त्यांनी आख्खी फाइल तपासली. हेमाने शेकडो स्वल्पविराम खाल्ले होते, पण कंस एकही नाही. बंद न केलेला कंस फाइलभर एकच होता, आणि तो नीलाने मागच्या रविवारी केलेल्या दुरुस्त्यांमध्ये होता. आपली मुलगी आपल्याच वळणाची आहे, कंस विसरणारी नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यांनी नीलाला हाक मारली.

"बँकेचा फोन किती दिवस बिघडतोय?"

"दीड वर्ष," नीला म्हणाली. "बाबा, मी त्याचं नाव सरळ सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बघायला आला असता?"

तामणकरांनी खरं उत्तर शोधलं आणि ते त्यांना आवडलं नाही. ते कॉम्प्युटरकडे वळले. केतकरांचा कंस बंद केला आणि जुना, कडक प्रोग्रॅम एकट्या कान्हाच्या माहितीवर चालवला. कान्हाची माहिती चार ओळींची होती. स्वल्पविराम जागच्या जागी, कंस बंद, खोटं काही नाही. प्रोग्रॅम कुठेही अडला नाही. वीसपैकी गुण मात्र चार पडले. तामणकरांनी तो आकडा वहीत कान्हाच्या नावापुढे लिहिला. त्यांना वाईट वाटलं, पण ते कान्हाबद्दल नव्हतं. ज्या मुलीला सरळ सांगायची सोय आपण ठेवली नाही, तिच्याबद्दल होतं. मग त्यांनी खण उघडला आणि तिसरा शिक्का काढून वहीत उमटवला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा कोलशेतला गेले. आपण केवढं मन मोठं करतो आहोत याची त्यांना पूर्ण जाणीव होती आणि वाटेत त्यांनी दोन वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण जनाबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. पाट मांडून बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःच विषय काढला. घरात आठ दिवस याच गोष्टीवर बोलणं झालं, भावकीतल्या काहींनी नको म्हटलं, असं त्यांनी सांगितलं.

"पोर चांगली हाय. मासली साफ कराया येत नाय, ती शिकंल," त्या म्हणाल्या. मग तामणकरांकडे पाहून त्यांनी जरा आवाज खाली आणला. "बापूस थोरा कडक हाय. पन मी सांगितला सगल्यांना, तेवढा आपुन सांभालून घेऊ."

तामणकरांनी जुळवलेली वाक्यं पाण्याबरोबर गिळली. समोर कोलंबीची ताटली आली, तेव्हा त्यांनी एक उचलली आणि शेपटीचं काय करायचं असतं ते नीलाला विचारलं.