राऊत सरांची तोंडी परीक्षा

राऊत सर सगळ्याला गुण देतात. चहाला, रिक्षावाल्याच्या वळणाला, लग्नातल्या मठ्ठ्याला. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ वारले, तेव्हा शोकसभेतून बाहेर पडताना सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सेक्रेटरीचं भाषण दहापैकी तीन. तेही अक्षर बरं असतं म्हणून." भाषणात अक्षर कुठून दिसलं, हे विचारायची सोय नाही. पालघरच्या शाळेत हयातभर मराठी शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर बोईसरला आमच्या शेजारी राहायला आला, पण अजून वर्गातच उभा असतो.

गेल्या वर्षापासून मात्र सरांचं काहीतरी बिनसलं. चपला फ्रिजमध्ये सापडल्या. गॅस तसाच चालू राहिला. एकदा भाजी आणायला म्हणून गेले ते शिरगावच्या किल्ल्यापाशी बसलेले सापडले, आणि इथे कसे आलो ते त्यांना सांगता येईना. बोलण्यात मात्र कुठे खोट नाही. त्यांचा बंगळूरचा मुलगा फोनवर काकूंना म्हणायचा, "आई, बाबा माझ्यापेक्षा छान बोलतात. तूच उगाच घाबरतेस." डॉक्टरने सांगितलं तर तरी मुलगा ऐकेल, एवढीच काकूंची आशा. "येकानं तरी म्हना, मी खोटं बोलत नाय," त्या मला म्हणाल्या. मी दोघांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण आणि हसतमुख. आज वार कोणता वगैरे झाल्यावर म्हणाला, "आता एका मिनिटात 'प'पासून सुरू होणारे जमतील तितके शब्द सांगा." सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. पर्जन्य, पाणिग्रहण, पुंडाई, परोपजीवी, पिष्टपेषण... डॉक्टर लिहिता लिहिता मागे पडला. वेळ संपल्यावर सर म्हणाले, "पुरवणी मिळेल?" प्राण्यांची नावं विचारली, तर आधी सस्तन, मग सरपटणारे, अगदी शिस्तीत.

डॉक्टर खूश. "काका, इतके शब्द मलाही येत नाहीत. तुम्ही ठणठणीत आहात." काकूंनी गॅसचं, किल्ल्याचं सांगून पाहिलं. "वयानं होतं थोडं," तो म्हणाला. मला त्याचा संताप आला. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाला शब्दांचीच परीक्षा! मुरबे गावच्या कोळ्याला पोहायला लावून ठणठणीत ठरवण्यातला प्रकार. बाहेर बाकावर काकू रडायला लागल्या. शेजारच्या बाईंना वाटलं, आनंदानेच. त्यांनी अभिनंदन केलं.

संध्याकाळी सर आमच्या गॅलरीत येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "पेपर फुटला होता."

"म्हणजे?"

"आमच्या शाळेतल्या एका मास्तरांची हीच तपासणी झाली होती. त्यांच्याकडून प्रश्न काढून घेतले. न्हाणीघरात नळ सोडून पाठ करत होतो. शब्द येतात रे, ढिगानं येतात. पण परवा ही चहा घेऊन आली आणि ही बाई कोण, तेच क्षणभर कळेना."

"मग डॉक्टरला सांगायचं नाही का?"

"नापास झालो तर पोरगा मला कुठेतरी नेऊन ठेवील. हिला रात्री एकटीला झोप लागत नाही. लग्न झाल्यापासून एकटी राहिलेलीच नाही ती."

मी मागे पाहिलं, तर सरांना बोलवायला आलेल्या काकू दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"उद्या परत जायचं डाक्टरकडं," त्या म्हणाल्या. "पाठ करून यायचं नाय. आता ह्याला सांगितलं ना, तेच तिकडं सांगायचं. पोराला काय सांगायचं ते मी बघीन. तुमाला मी कुठं जाऊ देनार नाय."

सर मान खाली घालून बसले. उभ्या आयुष्यात ते कशात नापास झालेले नव्हते. मग त्यांनी वर पाहिलं.

"तू रागावणार नाहीस ना?"

"नाय रागावनार," काकू म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांच्या सदऱ्याची वरखाली लागलेली बटणं एकेक सोडून नीट लावू लागल्या.