कटती वजा जाता बोट

सन १९८८च्या पावसाळ्यानंतर रावेरजवळच्या मळ्यात राहणारे केळी बागायतदार लोटन आबा यांनी आत्मसंरक्षणार्थ रिव्हॉल्व्हर घेण्याचे ठरवले. कारण साधे होते. चोरांनी त्यांच्या पत्नी धुरपदाबाई यांच्या उजव्या कानातली बाळी पाळीसकट ओढून नेली होती. डावी अजून शिल्लक होती.

जळगावच्या दुकानदाराने दोन रिव्हॉल्व्हर मखमलीवर मांडली. "आबा, याचा चाप ओढायला साडेपाच किलोचा जोर लागतो. चुकून सुटणार नाही, पण ओढताना हात हलतो, नेम चुकतो. याला अडीच किलो. नेम राहतो, पण घाबरलेलं बोट नुसतं टेकलं तरी बार उडतो."

"मी तं घाबरेलच राहीन," आबा म्हणाले. "मंग कोनतं घेऊ?"

"ते कचेरी ठरवते."

कचेरीत तोताराम लिपिकाने परवान्याच्या अर्जाचा छापील नमुना पुढे सरकवला. रकाना बारा : चापाचे वजन. रकाना तेरा : अर्जदाराच्या बोटाची ओढ. बोट चापापेक्षा सरस असावे, परंतु एक किलोहून अधिक सरस नसावे. असल्यास इसम उतावळा समजावा. सरकारी दवाखान्यात बोट मोजायची सोय नव्हती. डॉक्टरांनी शेरा मारला, 'स्थानिक काट्यावर मोजून घ्यावे.'

स्थानिक काटा भिकन मापाऱ्याचा. तीस वर्षे तो केळीचे घड तोलत आला होता. आबांनी काट्याच्या आकड्यात बोट अडकवून ओढले. काटा सहावर गेला. भिकनने लिहिले, पाच.

"अरे, एक किलो कुठी गेला?"

"कटती, आबा. दांड्याची. बोटं म्हंजे फणी, मनगट म्हंजे दांडा. दांड्याचं वजन कोनी धरतं का?"

आबांना ते पटले. जन्मभर केळीच्या तोलात ते कटती देतच आले होते.

पाच किलोचे बोट एका चापाला अपुरे पडले आणि दुसऱ्या चापाला उतावळे ठरले. तोताराम मनापासून हळहळला. "बोट वाढवा, आबा."

आबा रोज सकाळी केळीचा घड एका बोटावर पेलू लागले. अंगण सारवता सारवता धुरपदाबाई गुणगुणत,

बोट माझ्या धन्याचं, केळीबागेला आधार
सरकारच्या दारी बाई, त्याचा मोजती गं भार.

तीन महिन्यांनी बोट कटती वजा जाता सात भरले.

"आता दोन्हीकडं उतावळं," तोताराम म्हणाला. "थोडं उतरवा."

आबांनी बोटाला पट्टी बांधून त्याला विश्रांती दिली.

पट्टीच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी, चोर आले. एकाच्या हातात गावठी पिस्तूल होते. आबा पट्टीचे बोट वर करून उभे राहिले. डावी बाळी गेली. पाळीही गेली.

ठाण्यात जबाब झाला. फौजदारांनी विचारले, "चोराच्या चापाचं वजन?"

"इचारलं नाही, साहेब."

"मग आमचाही रकाना बारा कोरा राहतो. अपूर्ण फिर्याद घेता येत नाही."

संध्याकाळी सगळा गाव मळ्यात जमला. भिकनने काटा सोबतच आणला होता. एकेकाने आकड्यात बोट घालून पाहिले. कोणाचे चार भरले, कोणाचे साडेसहा; कटतीवरून थोडी बाचाबाचीही झाली. धुरपदाबाई एका हाताने कानावर पदर दाबून दुसऱ्या हाताने सगळ्यांना चहा देत होत्या.

वाचकहो, मघाशी तुम्हीही आपले बोट जरासे वाकवून पाहिलेत ना? भरले असेल, चांगलेच भरले असेल. फक्त कान दुखतो का, हे त्या बाईला विचारायचे तुमच्याकडूनही राहून गेले.