टेबलाचा ताबा

एकाच जागी बसून माणसाची बुद्धी गंजते, हे सत्य पुण्यातल्या एका विद्यापीठाला फार उशिरा, आणि तेही खराडीच्या एका कंपनीत अभ्यासदौरा काढल्यावर उमगले. (दौऱ्यात जेवण उत्तम होते.) परत आल्या आल्या 'चपळ कार्यपद्धती'चे परिपत्रक निघाले: यापुढे कोणतेही टेबल कोणाचेही नाही, सकाळी येणाऱ्याने रिकामे दिसेल ते घ्यावे. एकशे बारा कर्मचाऱ्यांना सत्तर टेबले ठेवण्यात आली, कारण उरलेले बेचाळीस जण कोणत्याही क्षणी चहाला गेलेले असतात, असे पाहणीत आढळले होते.

परीक्षा विभागातल्या पद्मजाबाईंनी कुरकुर केली नाही. बत्तीस वर्षांचा ड्रॉवर त्यांनी एका पिशवीत रिकामा केला (शिक्के तीन, लिंबाच्या लोणच्याची बरणी एक, बाम दोन) आणि ती पिशवी सांभाळत त्या रोज नव्या टेबलावर चपळ होऊ लागल्या. महिनाअखेरीस निवृत्तीच होती. नागपूरला लेकीचे, वैष्णवीचे, दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला तिला आईच हवी होती. एक तारखेचे तिकीट काढून झाले होते.

एकतीस तारखेला आस्थापना विभागाच्या हिंमतरावांनी त्यांचे कागद चाळले.

"मॅडम, टेबलाच्या ताब्याची पावती कुठंय?"

"अहो, टेबल कुठंय?"

"तेच म्हणतोय मी. टेबल सोपवल्याशिवाय सोडता येत नाही. नियम आहे."

नियम जुना होता, त्यामुळे तो अद्याप चपळ झालेला नव्हता. समितीने अवघ्या तीन बैठकांत तोडगा काढला: सोपवता यावे यासाठी पद्मजाबाईंना एक टेबल कायमचे द्यावे. दिले. नोंदवहीत नाव चढले. आता ते ताब्यात घ्यायला दुसरा कर्मचारी हवा होता. पण परिपत्रकामुळे टेबल आपल्या नावावर करून घ्यायची कोणालाच मुभा नव्हती. तोवर बाईंनी टेबल सोडू नये, असे लेखी कळवण्यात आले. कागदोपत्री त्या निवृत्त झाल्या होत्या, फक्त घरी जायचे नव्हते.

तिकीट रद्द झाले. नातवाचे पहिले रडणे बाईंनी मोबाइलवर ऐकले आणि टेबलावर डोके टेकून त्याही रडल्या. (जेवणाची सुट्टी असल्याने कामकाजात व्यत्यय आला नाही.)

हिंमतरावांना ते बघवले नाही. नियम शिथिल करून बाईंना सोडावे, अशी टिपणी त्यांनी स्वतः वर पाठवली. ती सहीला ठेवली होती, तेवढ्यात विद्यापीठात कामासाठी येणाऱ्या नागरिकांचे लेखी अभिप्राय आले. साऱ्या इमारतीत एकाच जागी सापडणारे माणूस म्हणून जो तो बाईंकडेच येत होता. सत्त्याण्णव टक्के लोकांनी 'मॅडम कायम जागेवर असतात' असे लिहिले होते. एकाने पुढे भर घातली होती, 'अशी माणसे दुर्मिळ. यांना इथून कुठेही हलवू नये.'

लोकभावनेचा आदर करून टिपणी मागे घेण्यात आली.

त्या शेवटच्या अभिप्रायाखालची सही वाचता येत नाही, पण वाचकहो, अक्षर आपलेच आहे. गुणपत्रिका हातात पडल्याच्या आनंदात आपण ते लिहिलेत, आणि लिहायला पेनही बाईंकडूनच मागून घेतलेत.