लेकराचा चार्ज

केजच्या गंगासागर शेटे यांनी आपल्या घरगुती पाळणाघरासाठी अर्धवेळ मदतनीस ठेवायचं ठरवलं, तेव्हा देशात उदारीकरण येऊन तीन-चार वर्षं झाली होती. केजला ते अजून पोचायचं होतं. बीडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलं असावं. बातमी मात्र येऊन धडकली होती, की आता सरकारच्या तोंडाकडं बघू नका, ज्यानं त्यानं आपापला धंदा काढा. गंगासागरनं काढला. बदलीवर आलेल्या मास्तर-मास्तरणींची सहा लेकरं ती दिवसभर घरी सांभाळायची. सातवी तिची स्वतःची रुद्राणी, दीड वर्षांची.

आता मांडी एक आणि लेकरं सात. परक्याचं आधी, आपलं मागून, ही आपली रीत. त्यामुळं रुद्राणीचा नंबर लागेपर्यंत ती रडून रडून उपाशीच झोपलेली असायची. पोटच्या पोरीला दुपारी एकदा आपल्या हातानं दूधभाकर चारावी, एवढंच गंगासागरचं मागणं होतं. कुणी म्हणेल, ह्यात काय एवढं मोठं? मोठं नव्हतंच. ते मोठं करायला माणसं अजून यायची होती.

सकाळी एक बाई आणि दुपारी एक, एवढं पुरे, असं तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. विरुपाक्षाचं किराणा दुकान. त्यानं आपल्या गिऱ्हाइकातल्या मुकादमाला सांगितलं, कारण या भागात कामाला माणूस हवा म्हणजे मुकादमाला गाठायचं. आणि मुकादमाच्या जगात माणूस सुटा मिळत नाही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. अर्धा कोयता घेऊन आपण आजवर कारखान्याच्या गेटातसुद्धा पाय ठेवला नाही, असं मुकादम दुखावल्या आवाजात म्हणाला. दुसऱ्या दिवशी छबुबाई आपल्या आश्रुबाला घेऊन आणि मंजुळाबाई आपल्या धन्याला घेऊन दारात हजर. पावसाळ्याचे दिवस, तोड बंद, सगळेच रिकामे.

"बायांचं ठीक हाय, पण ह्या बाप्यांचं मी काय करू?" गंगासागरनं विचारलं.

"बसवा की ओट्यावर," मुकादम म्हणाला. "तुमाला काय चावतेत का?"

तसे ते बसले. दोन कप चहा वाढला, बाकी त्रास काही नव्हता. आत बाया लेकरं घ्यायच्या, आणि गंगासागर रुद्राणीला मांडीवर घेऊन चिऊ-काऊचे घास भरवायची. पोरगी बाळसं धरू लागली. असं सुख कुणाला बघवतं? अप्पा आले.

अप्पा म्हणजे विरुपाक्षाचे चुलते, सुंदरराव. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पण निवृत्त म्हणजे काय, हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. ओट्यावर दोन पुरुष, आत दोन बाया आणि भिंतीवर एकही सूचना नाही, हे बघून त्यांना भडभडून आलं. कर्मचारी चार आणि कारभार शून्य, असं ते म्हणाले. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. दुपारी छबुबाई जाते आणि मंजुळाबाई येते. त्या मधल्या घडीला लेकरू कुणाचं?

"आईबापाचं," गंगासागर म्हणाली.

अप्पांना तिची कीव आली. कचेरीत साधं टेबल बदललं तरी चार्ज द्यावा लागतो आणि घ्यावा लागतो. खुर्चीचा एक पाय डुगडुगत असला तर तसं नमूद करावं लागतं. लेकराला तर दोन पाय, शिवाय नाक. उद्या दुपारच्या पाळीत ओरखडा निघाला आणि तो सकाळच्या पाळीतला असला, तर जबाबदार कोण? चुलतसासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर सावरत सुनेनं होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून चार्ज सुरू झाला. छबुबाईनं लेकरू मांडीवरून काढून सतरंजीवर ठेवायचं. अप्पांनी ते उलटंपालटं करून तपासायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, "नाक वाहते. दात चार, पैकी एक अर्धवट. रडणे चालू स्थितीत." मंजुळाबाईनं ऐकून ताबा घ्यायचा. पण ताबा पंचांशिवाय होत नाही. पंच आणायचे कुठून? अप्पांची नजर ओट्यावर गेली, आणि आश्रुबाचं नशीब फळफळलं. पंचानं फक्त बघायचं, असं अप्पांनी दोघांना बजावलं. हात लावला की पंच बाद.

सहा लेकरांचा चार्ज व्हायला तिसरा प्रहर उजाडायचा. तोवर दिलेली पण न घेतलेली लेकरं सतरंजीवर भोकाड पसरून पडलेली. छबुबाईची अर्धवेळ नोकरी पूर्णवेळ झाली आणि मंजुळाबाईची सुरूच होईना. यावर उपाय म्हणून अप्पांनी मधल्या पाळीला तिसरी बाई घ्यायला लावली. ती अर्थातच नवऱ्यासकट आली. आता चार्ज दोनदा होऊ लागला, आणि लेकरू मांडीवर घ्यायला कुणालाच सवड उरली नाही.

एवढ्या कारभारावर देखरेख हवी, म्हणून गंगासागरसाठी खुर्ची आली आणि टेबलावर घंटी आली. खोटं कशाला बोला, तिलाही ती खुर्ची पहिल्या दिवशी बरी वाटली. पण खुर्चीवरच्या माणसानं लेकरू उचललं तर चार्जचा घोळ होतो, म्हणून तिला उठायची बंदी झाली. आणि रुद्राणी? तिच्या नावावर अप्पांनी लाल शाई मारली. मालकिणीचीच लेक मालकिणीच्या संस्थेत घेतली, तर लोक घराणेशाही म्हणतील. जिल्ह्यात इतर ठिकाणी चालत असेल. आपल्या घरात चालणार नाही, असं अप्पा कडाडले.

अशी रुद्राणी कुणाच्याच चार्जमध्ये राहिली नाही. ती दुडुदुडु चालत ओट्यावर गेली. कुणाच्याच चार्जमध्ये नाही म्हटल्यावर हात लावायला हरकत कसली? आश्रुबानं तिला उचललं, मातीचा बैल करून दिला, आपल्या भाकरीतला पापुद्रा दुधात कुस्करून चारला. ते बघून सतरंजीवरची दिलेली-न घेतलेली लेकरंही उंबरा ओलांडून निघाली. ओट्यावर तीन रिकामे बाप्ये आणि सात गुबगुबीत लेकरं. आत तीन बाया, अप्पा आणि रिकामी सतरंजी.

एकदा शाळा लवकर सुटली आणि एक मुख्याध्यापक मुलाला न्यायला आले. ओट्याकडं न बघता ते थेट आत घुसले, कारण व्यवस्था आत असते. लेकरं कुठायत, असं त्यांनी विचारलं.

"सकाळच्या पाळीनं दिली आहेत, दुपारच्या पाळीनं अद्याप घेतलेली नाहीत," अप्पा म्हणाले. "तूर्त लेकरं नाहीत."

मुख्याध्यापक चिडतील असं गंगासागरला वाटलं, खरं तर चिडावेत असंच वाटलं. पण ते भारावून गेले. इतका पद्धतशीर कारभार त्यांच्या शाळेतही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीची आणखी लेकरं दाखल झाली.

मग मात्र गंगासागरच्यानं राहवलं नाही. घंटी सारून ती उठली, दूधभाकरीची वाटी घेऊन ओट्यावर आली. रुद्राणी आश्रुबाच्या मिशा ओढत त्याच्या मांडीवर बसली होती. आईला बघून तिनं हात पुढं केले.

"द्या माझी लेक," गंगासागर म्हणाली.

आश्रुबालाही ती द्यायचीच होती. पण तो आता मुरलेला पंच होता. "देतो की वैनी, तुमचीच हाय. पण इतके दिस माझ्यापाशी हाय, म्हंजी चार्ज माझा झाला. चार्ज द्यायचा तर पंच लागतेत दोन. अन् आमी तिगंबी लेकरं घेऊन बसलाव. हात लावल्याला पंच चालत न्हाई."

गंगासागरनं वळून बघितलं. अप्पांनी दारातून समाधानानं मान डोलावली. आश्रुबा कारभारात तयार झाला होता.

तेव्हापासून नुसतं बघणाऱ्या दोन माणसांचा शोध चालू आहे. केजमध्ये सापडेनात. जो तो ओट्याशी आला की रडतं लेकरू बघून आधी त्याला उचलून घेतो आणि बाद होतो. भाजीवाली बाद झाली, पोस्टमन बाद झाला, कोयत्याचा हिशेब करायला आलेला मुकादमसुद्धा दोन्ही काखांत दोन लेकरं घेऊन बाद झाला. वाटीतलं दूध निवलंय. रुद्राणीचे हात अजून पुढंच आहेत.

म्हणून ही गोष्ट घेऊन तुमच्या दारी आलो. मघापासून इथं लेकरं रडताहेत, आई ताटकळलीय आणि तुम्ही बसल्या जागी हसत सगळं बघताय. एकालाही अजून हात लावला नाहीत. असा पंच शोधून मिळायचा नाही. शेजारी आणखी कुणी असंच बसलेलं असेल तर त्यालाही घ्या, दोन लागतात. बोला, सही करता का अंगठा?