मिस्त्री, इंजिनियर आणि माझा पूल

मनात आणलं तर कुठलीही विद्या शिकायला मला आठवडा पुरे! आजवर एकही आली नाही, कारण मी कधी मनात आणलं नव्हतं. बाहत्तर साली मात्र आणलं. आणावं लागलं. शामकांतमुळे!

शामकांत आणि मी नगरच्या एका बांधकाम कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसणारे कारकून. मी बी. ए., तोही बी. ए. मला सगळे विष्णुपंत म्हणतात, त्याला नुसतं शामकांत. चाळिशी उलटली तरी त्याला 'पंत' म्हणायची कोणाची हिंमत होत नाही, असा त्याचा भांग! कचेरीत खिडकीजवळ हातांची एक खुर्ची होती, सुपरिंटेंडंटची. जुने सुपरिंटेंडंट निवृत्त झाले आणि ती रिकामी झाली. आता तिच्यात शामकांत बसणार की मी, हे साहेब ठरवणार होते. दोघांची नोकरी सारखी, काम सारखं, दुपारची डुलकीही सारखीच. फरक एकच. शामकांत रोज संध्याकाळी साहेबांबरोबर क्लबात पूल खेळायचा!

पूल म्हणजे बिलियर्डचा धाकटा भाऊ. हिरवं टेबल, रंगीत चेंडू, हातात लांब काठी. त्या काठीने पांढरा चेंडू ढकलायचा आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे टेबलाच्या कडेच्या भोकांत पाडायचे. आमचे साहेब धरणं बघायला अमेरिकेला गेले होते, ते धरणं विसरून हा खेळ घेऊन परत आले.

इथवरही मी सहन केलं असतं. पण एका रविवारी शामकांत आमच्याकडे चहाला आला. आमची शोभा शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवायची खटपट करत होती. सकाळपासून मीही करून पाहिली होती. दोरा सुई सोडून सगळीकडे जात होता. शामकांतने चहाचा कप खाली न ठेवता, दुसऱ्या हाताने, उभ्या उभ्या दोरा ओवून दिला!

"बाई गं!" शोभा म्हणाली. "काय हात आहे हो तुमचा, भावजी!"

"पूल खेळतो ना वहिनी," तो म्हणाला. "हात आपोआप बसतो."

इतक्या वर्षांच्या संसारात शोभाने माझ्या एकाही अवयवाची दखल घेतलेली नाही. अपवाद नाकाचा, तोही घोरण्याच्या संदर्भात. मी तिथल्या तिथे ठरवलं. ती खुर्ची आणि हे 'बाई गं', दोन्ही मिळवायचं!

योग असा, की भिंगारच्या एका हॉटेलात मुंबईचे दोन धंदेवाईक पूल खेळाडू मुक्कामाला आले होते. दोघे पारशी. पैजा लावून खेळायचे आणि फी घेऊन शिकवायचे. एकाचं आडनाव मिस्त्री, दुसऱ्याचं इंजिनियर. वाचकहो, ही आडनावं ध्यानात ठेवा. त्यांच्यात काही धोका आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी टेबलावर ओणवं केलं. डावा हात टेबलावर टेकायचा, बोटं पसरायची, अंगठा वर करायचा आणि मधल्या खाचेतून काठी सरकवायची. हाताच्या ह्या बैठकीला खेळात ब्रिज म्हणतात. मिस्त्री मला कळावं म्हणून त्याचं मराठी करून सांगत. म्हणजे खेळही पूल आणि हातही पूल!

"अरे डिकरा, हा तुझा पूल कापते किती! मलेरिया झाला काय?"

इंजिनियर काहीच बोलत नसत. मी काठी उचलली की ते फक्त डोळे मिटून घेत.

चौथ्या-पाचव्या धड्याला मिस्त्री म्हणाले, "काल क्लबमधी तुझ्या हापिसचा एक माणूस पाहिला. बारीक मिशीवाला. काय पूल, बावा! असा हात वरचा खोदायजी, देवच देते!"

मिटलेल्या डोळ्यांनी इंजिनियरनीही मान डोलावली. फी मी भरत होतो आणि कौतुक शामकांतचं! मी घरी आलो तो निखाऱ्यासारखा लाल होऊन, आणि सरावाला लागलो. स्वयंपाकघराचा ओटा हे टेबल, लिंबं हे चेंडू, आणि कपडे वाळत घालायची काठी. लिंबू सोडून काठी सगळीकडे लागली. एकदा दुधाच्या पातेल्यालाही.

"मिस्त्री म्हणतात, पूल मजबूत पाहिजे," दूध पुसणाऱ्या शोभाला मी सांगत होतो. "आज पुन्हा कोसळला. इंजिनियरना तर बघवतच नाही."

"शनिवारी साहेबांना दाखवायचाय ना? मग करा की जरा नीट!"

मोरीत भांडी घासणाऱ्या राहीबाईचा हात थांबला. राहीबाई मूळची जामखेडकडच्या एका खेड्यातली.

"पूल करताय व्हय, दादा?"

"शिकतोय, राहीबाई. पण कुठे बोलू नका हं."

बोलू नका म्हटल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने गावाला गेली.

गुरुवारी आमच्या ओसरीवर पंधरा-वीस पागोटी आणि टोप्या येऊन बसल्या. पुढे राहीबाईचा भाऊ कारभारी. गावचा सरपंच.

"राही म्हनली, सायेब पुलाच्या मागं लागल्यात. खरं हाय का?"

माझी छाती फुगली. जामखेडपर्यंत कीर्ती! शामकांतला भिंगारच्या नाक्यापलीकडे कोणी ओळखत नव्हतं.

"खरं आहे. खास मुंबईचे मिस्त्री आणि इंजिनियर लावलेत."

"मुंबईचं!" कारभारीने टोपी सरळ केली. "आन् खर्च?"

"माझ्या खिशातून."

मागच्या एका म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले.

"सोताच्या खिशातनं!" तो म्हणाला. "आमदार बी करीत न्हाई असं!"

खेळ शिकण्यासाठी आमदारही फी भरत नाही, हे मला पटलं.

"टिकंल न्हवं पन?" कारभारीने विचारलं.

"आधी कोसळायचा. आता नुसता थरथरतो."

"थरथरतो?"

"सगळा भार एकदम टाकला तरच. मिस्त्री म्हणाले, होईल हळूहळू. शनिवारी संध्याकाळी क्लबात साहेबांपुढे दाखवणार आहे. तिथंच काय तो निकाल."

"आमी आलो तर चालंल का?"

"चालेल म्हणजे? याच!"

शामकांतच्या बाजूने टाळ्या वाजवायला कोण येणार होतं? कोणी नाही! खेडुतांना ह्या खेळाची एवढी गोडी कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आपलं कौतुक करणाऱ्याची उलटतपासणी कोण घेतं?

शनिवारी क्लबात साहेब, शामकांत, मी आणि कोपऱ्यात मिस्त्री-इंजिनियर. साहेब म्हणाले, "विष्णुपंत, तुम्हीही? वा! होऊन जाऊ द्या तुमच्या दोघांचा एक डाव!"

शामकांत पेटीत पत्रं टाकावीत तसे चेंडू टाकत सुटला. मग मध्येच चुकला, तोही अशा ऐटीत, की साहेब 'अरेरे' म्हणाले. माझ्या चुकीला आजवर कोणी 'अरेरे' म्हटलेलं नाही! माझी पाळी आली. लाल चेंडू भोकाच्या तोंडाशी बसला होता. फुंकर घातली तरी पडला असता. मी वाकलो. डावा हात टेकला, बोटं पसरली, अंगठा वर केला. आणि काय आश्चर्य! पूल हलेना! इंजिनियरनी चक्क एक डोळा उघडला. मला खिडकीजवळची खुर्ची दिसू लागली, तिच्या हातांवर माझे हात...

धडाड्ड! दारात हलगी कडाडली.

काठी निसटली. पांढरा चेंडू टेबलावरून उडाला आणि साहेबांच्या सोड्याच्या ग्लासात जाऊन बसला. पांढरा चेंडू कुठेच पाडायचा नसतो; पण पाडू नये अशा जागांच्या यादीतही ही जागा नाही.

"पुलाचं सायेब कुठं हायती?" करत ट्रक भरून आलेलं अख्खं गाव आत शिरलं. कारभारीने माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि साहेबांना हात जोडले.

"सायेब, ह्या देवमानसानं सोताच्या खर्चानं, मुंबईचं मिस्त्री-इंजिनियर आनून आमच्या नदीवरचा पूल हातात घेतलाय. तुमी फकस्त व्हय म्हना!"

कोटाच्या छातीवर उडालेला सोडा पुसत साहेब माझ्याकडे वळले.

"विष्णुपंत! माझ्या खात्याचा पूल तुम्ही परस्पर बांधताय? खाजगी इंजिनियर लावून?"

"नाही हो साहेब! हा पूल म्हणजे... हा!" आणि मी टेबलावर डावा हात टेकून दाखवला. बोटं पसरलेली, अंगठा वर. त्या क्षणी तो मलेरिया झाल्यासारखा कापत होता.

सगळं गाव वाकून माझ्या बोटांकडे बघू लागलं.

"ह्यो?" म्हातारा म्हणाला. "ह्येच्यावरनं आमी नदी वलांडायची?"

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली. आता ट्रकभर माणसं माझं काय करणार, असा विचार मनात येतो न येतो तोच शामकांत पुढे झाला. भांगाचा एक केस हलला नव्हता.

"मंडळी, विष्णुपंतांनी जरा गंमत केली. साहेब, ह्या गावचा पुलाचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे. दुष्काळी कामांत बसेल. पावसाळ्यातली अडचण जाईल, आणि आत्ता लोकांच्या हाताला कामही मिळेल."

प्रस्ताव त्याच्या टेबलावर होता, हे खरं. वर्षभर होता. त्यावर तो चहाचा कप ठेवायचा, हे मी समोरून रोज बघत होतो! पण ते कोणाला सांगणार? साहेबांनी एकदा ट्रकभर माणसांकडे पाहिलं, एकदा ग्लासातल्या चेंडूकडे, आणि म्हणाले, "सोमवारी घेऊन या. सही करतो."

हलगी पुन्हा कडाडली. गावाने दुसरा हार आणला नव्हता. कारभारीने माझ्या गळ्यातला काढला, आणि शामकांतच्या गळ्यात घातला.

खुर्ची कोणाला मिळाली, हे सांगायला नकोच. माझ्याबद्दल साहेब म्हणाले, "विष्णुपंतांना पुलाची फारच हौस दिसते," आणि मला मजुरांची हजेरी घ्यायला जामखेडकडे, नदीच्या कोरड्या पात्रात पाठवलं. माणसं चांगली. राहीबाईच्या भावजयीच्या हातची भाकरी-ठेचा रोज मिळे. फक्त सगळं गाव मला 'बोटाचं सायेब' म्हणायचं.

नदीत थेंब नव्हता, पण पूल झाला. उद्घाटनाला सुपरिंटेंडंट शामकांत जीपमधून आला. येताना माझ्या बायकोला नगरहून घेऊन आला, तेवढा तो सभ्य आहे. त्याने फीत कापली ती एका फटक्यात, सरळ.

"बाई गं!" शोभा म्हणाली.

मग तो जीपच्या बॉनेटवर डावा हात टेकून फोटोला उभा राहिला. बोटं पसरलेली, अंगठा वर. सवयच ती! सगळं गाव नव्या पुलाकडे बघत होतं. मी एकटा त्या हाताकडे बघत होतो. उन्हात बॉनेट तव्यासारखं तापलेलं होतं. मोठ्या आशेने मी वाट बघत राहिलो.

जरासुद्धा हलला नाही, लेकाचा!