खोडरबर आणि एकोणीस कच्ची उत्तरं

जुळाऱ्याचं पत्र आलं होतं जुलैत, आणि आता मार्च उजाडला होता. आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. उत्तर त्यांनी एकोणीस वेळा लिहिलं होतं, फक्त पाठवलं नव्हतं.

जुळारी हा आप्पांचा छापखान्यातला मित्र. तो छपाईचे खिळे जुळवायचा आणि आप्पा मुद्रितं तपासून त्याच्या चुका काढायचे. तीस वर्षं एकाच्या चुकांवर दुसऱ्याची चूल पेटत होती, तरी दोघांचं कधी वाजलं नाही. पत्रात त्याने जांभळ्या शाईने लिहिलं होतं, "अनुस्वारा, बायको गेली. घर विकलं. सध्या भाड्याच्या खोलीत आहे. मार्चअखेर ती सोडून पुतण्याकडे कायमचा जाणार, फार लांब. त्याआधी आठ दिवस तुझ्याकडे येऊन राहावं म्हणतो. ये म्हण नाहीतर नको म्हण, पण लिही. फोन करू नकोस, मला त्यातलं ढिम्म ऐकू येत नाही. आणि या पत्रातल्या चुका काढत बसू नकोस."

अनुस्वार हे आप्पांचं छापखान्यातलं नाव. आकाराने लहान, एका जागी गप्प बसलेला, आणि नसला तरच लक्षात येणारा.

आप्पांनी चुका काढल्या नाहीत. म्हणजे तीनच काढल्या, आणि त्याही पेन्सिलीने. मग ते उत्तराला बसले आणि सांत्वनाशीच अडले. 'वाईट वाटलं' हे फार कोरडं, 'आभाळ कोसळलं' हे फार ओलं. मधलं काही सुचेपर्यंत महिना गेला. तेव्हा उशिराबद्दल क्षमा मागणं आलं. क्षमा कशी मागावी यात आणखी दोन महिने गेले, तेव्हा उशिराचं कारण देणं आलं. सोळावं उत्तर चौदा पानांचं झालं, आणि ते वाचून पाहताना आप्पांच्या लक्षात आलं, की त्यात 'ये' हा शब्द कुठेच नाही. ही सगळी कच्ची उत्तरं एका बुटाच्या खोक्यात राहत. मूळ पत्रही त्यातच कुठेतरी असे.

अशा घरात मार्चच्या दहा तारखेला, रविवारी, मुलगी आपलं कुत्रं घेऊन आली. कार्यालयाच्या कामासाठी तिला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं. कुत्र्याचं नाव खोडरबर. ते नातीने ठेवलेलं. समोर ठेवलेलं ताट तो असं साफ करी, की आधी त्यात काही होतं याचा पुरावा उरत नसे.

"आप्पा, याला नुसतं खायला घालून भागत नाही हं," मुलगी म्हणाली. "याला कामाला लावावं लागतं. रिकामा राहिला की घर खातो."

तिने पिशवीतून दोन रबरी खेळणी काढली. एक लाल, एक निळं. तीन चेंडू एकावर एक ठेवून चिकटवल्यासारखा आकार, आतून पोकळ. एका टोकाला मोठं भोक, दुसऱ्या टोकाला बारीक.

"यात केळं, भात, दही, गाजराचे तुकडे कालवून भरायचं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. गोठलं की द्यायचं. मग तो चाटत बसतो तासभर. कष्टाचं खाल्लं की शांत झोपतो."

"एवढे कष्ट कशाला? ताटलीत दिलं तर?"

"आप्पा, तुम्ही शब्दकोडी का सोडवता? खाली उत्तरं छापलेली असतात की!"

मुलगी निघता निघता दारातून म्हणाली, "आणि त्या काकांना लिहिलंत का हो?"

"आजच पाठवतोय," आप्पा म्हणाले. हे ते ऑगस्टपासून म्हणत होते.

संध्याकाळी शेजारच्या सिस्टर मदतीला आल्या. तीस वर्षं इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि हातात काहीही दिलं तरी ते रोगी असल्यासारखं धरत. त्यांनी दोन्ही खेळणी भरून बर्फात ठेवली. लाल गोठलं, पण निळ्याच्या बारीक भोकातून दही ठिबकायला लागलं.

"आप्पा, कागदाचा एक तुकडा द्या. बोळा बसवते. गोठलं की काढायचा, विसरू नका."

आप्पा तेव्हा टेबलापाशी विसाव्या उत्तराची पहिली ओळ शोधत होते. मान वर न करता त्यांनी हाताला लागला तो कागद मागे दिला.

सोमवारी दुपारी जेवणानंतर आप्पांनी खोडरबराला लाल खेळणं दिलं. ते तासभर पुरायचं होतं. खोडरबराने त्याला पंजाने धरलं, चाटलं, उचलून आपटलं, आणि चौथ्या आपटीला ते उसळून पुस्तकांच्या कपाटाखाली गेलं. कपाट भिंतीएवढं. त्यातलं एकेक पुस्तक बाहेर काढल्याशिवाय ते हललं नसतं, आणि आप्पांनी एकेक पुस्तक काढलं असतं तर प्रत्येक चाळलंही असतं. खोडरबराने कपाटाखाली नाक घातलं, दोन आर्त सूर काढले, आणि मग शांतपणे जाऊन आरामखुर्चीचा पाय खायला सुरुवात केली.

आप्पांनी मुलीला फोन लावला.

"निळं द्या ना!"

"ते रात्रीसाठी आहे. तूच तसं लिहून दिलंयस."

"बरं मग असं करा, रद्दी कागदात एकेक बिस्किट गुंडाळा, सगळ्या पुरचुंड्या खोक्यात भरा आणि खोकं द्या. फाडत बसेल. पण कागद खाऊ देऊ नका हं, नुसता फाडू द्या."

आप्पांनी रद्दी शोधली. वर्तमानपत्रांवर शब्दकोडी होती, ती अजून सुटायची होती. मग त्यांची नजर बुटाच्या खोक्यावर गेली. खोकंही तयार आणि कागदही तयार. आठ महिन्यांच्या लिखाणाचा काहीतरी उपयोग होतो आहे या विचाराने त्यांना बरंच वाटलं. एकोणीस उत्तरांचे साठावर कागद होते. त्यांनी डब्यातली सगळी बिस्किटं गुंडाळून संपवली.

खोडरबराने खोक्यात तोंड घातलं आणि खोलीत कागदाचा पाऊस पडला. 'कोणत्या शब्दांत' एका बाजूला उडालं, 'क्षमस्व' खुर्चीखाली गेलं. आप्पा कौतुकाने पाहत राहिले. त्यांचं लिखाण शेवटच्या पानापर्यंत इतक्या आवडीने कुणी नेलं नव्हतं. चौदा पानांच्या उत्तराने तर त्याला पाच मिनिटं गुंतवून ठेवलं.

मग त्यांच्या पायाशी एक तुकडा येऊन पडला. त्यावर जांभळी शाई होती.

आप्पांची शाई निळी.

"सिस्टर!" आप्पा ओरडले. तीस वर्षांत शेजाऱ्यांनी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. सिस्टर हातात थर्मामीटर घेऊनच धावत आल्या.

दोघांनी गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले. जांभळे टेबलावर, निळे टोपलीत. हे काम आप्पांना येत होतं. पाव तासात पत्र पुन्हा उभं राहिलं. 'बायको गेली' सापडलं, 'पण लिही' सापडलं, पेन्सिलीच्या तिन्ही दुरुस्त्या तर अगदी शाबूत होत्या. फक्त उजवीकडचा वरचा कोपरा नव्हता. पत्ता होता तो त्या कोपऱ्यात.

दोघांनी खोडरबराकडे पाहिलं. त्याने जीभ फिरवून मिशा साफ केल्या.

"पाठ असेल ना तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या.

"जुना पाठ आहे. नव्या खोलीचा नाही. आणि आज अकरा तारीख. महिनाअखेरीस तो गेला की मला कधीच..." आप्पांना पुढचा शब्द सुचला नाही, आणि या खेपेला त्यांनी तो शोधलाही नाही.

"आधी याला दाखवू या. कागद पोटात गेलाय. चला."

जनावरांचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. "काय खाल्लं याने?"

"पत्र," आप्पा म्हणाले.

"पूर्ण?"

"नाही, फक्त पत्ता. एकोणीस उत्तरंही फाडली, पण ती त्याने गिळली नाहीत. त्याला आवडली नसावीत."

डॉक्टरांनी खोडरबराचं पोट चाचपलं. खोडरबराने त्यांचं नाक चाटलं. "एवढ्याशा कागदाने काही होत नाही. भरपूर पाणी द्या. उद्या सकाळपर्यंत आपोआप बाहेर येईल."

आप्पांनी खाली बघत हळूच विचारलं, "वाचता येण्याजोगं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. सिस्टरनी आप्पांचा दंड धरला. "चला आप्पा. पुढचे पेशंट खोळंबलेत."

घरी आल्यावर पुन्हा मुलीला फोन झाला. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे मधे हसू दाबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अहो पण आप्पा, लिफाफा कुठाय? ते काका तर लिफाफ्यामागेसुद्धा पत्ता लिहितात. तुम्हीच सांगितलं होतंत, छापखान्यातली सवय म्हणून."

लिफाफा! आप्पांना घाम फुटला तो आनंदाचा. लिफाफा खोक्यात नव्हताच, टेबलावर होता. काल संध्याकाळी तरी होता. त्यांनी टेबल पालथं घातलं. शब्दकोश झटकला, टेबलाखाली पाहिलं, खिसे उलटे केले. सिस्टर मात्र मदतीला येईनात. त्या जागच्या जागी उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "लिफाफा पिवळट होता का हो?"

"हो! पाहिलात?"

"तुम्हीच दिलात की काल मला. मान खाली घालून. मी मागची पट्टी फाडून बोळा केला आणि उरलेला टाकला केराच्या बादलीत. केर सकाळीच गेला."

"आणि बोळा?"

सिस्टरनी बर्फाच्या कप्प्याकडे बोट केलं.

निळं खेळणं दगड झालं होतं. बारीक भोकातून कागदाचं पिवळं टोक बाहेर डोकावत होतं, त्यावर एक जांभळा काना. आप्पा ते टोक ओढायला गेले तर सिस्टर कडाडल्या, "ओढू नका! फाटेल. मोठ्या भोकाकडून रिकामं करत या."

"गरम पाण्यात धरलं तर?"

"आणि शाई? ती नाही का वाहून जाणार? मी बोळ्याला तेल लावलंय, नळी घालताना आम्ही लावतो तसं. जरा सैल झाला की सुटेल. चमचा घ्या."

म्हणून आप्पा जमिनीवर बसले, खेळणं मांडीत धरलं आणि चहाच्या चमच्याने खरवडायला लागले. खोडरबर समोर येऊन बसला. खरवडलेला प्रत्येक चमचा त्याच्याच तोंडात जाणार होता, कारण दुसरीकडे ठेवायला तो देत नव्हता. गोठलेलं केळं सुटेना. आप्पांनी खेळणं फिरवलं, वाकडं केलं, दोन्ही पायांत धरलं, एकदा आपटलंही.

"काय चाललंय?" फोनमधून मुलीने विचारलं.

"आप्पा खेळतायत," सिस्टर म्हणाल्या, "आणि तो खातोय."

"अहो, हे उलट असतं!"

पण आप्पांना ऐकू येत नव्हतं. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून ते खरवडत होते. अर्ध्या तासाने एक गाजराचा तुकडा सुटला, त्यामागून भाताचा गोळा, आणि मग सिस्टरनी चिमट्याने अलगद बोळा बाहेर काढला. टेबलावर तो उलगडताना दोघांनी श्वास धरला होता. जांभळी अक्षरं तेलाने जरा रुंदावली होती, पण प्रत्येक अक्षर जागेवर होतं. खोली सात. गल्ली. गाव. शेवटी जुळाऱ्याने नेहमीप्रमाणे रेघ मारून त्याखाली दोन टिंबं दिली होती.

आप्पा तसेच खाली बसले. हात दह्याने बरबटले होते, कंबर धरली होती, आणि तरी कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. शेजारी खोडरबर आडवा होऊन घोरत होता. एकही कष्ट न करता.

"पाच वाजता पेटी उघडतात," सिस्टर म्हणाल्या. "साडेचार झालेत."

आप्पांनी सवयीने बुटाच्या खोक्याकडे हात नेला. खोकं नव्हतं. कच्चं उत्तर एकही उरलं नव्हतं, की ज्यातून एखादं वाक्य उचलावं आणि ते बरोबर नाही म्हणून पुन्हा ठेवून द्यावं. त्यांनी एक कार्ड घेतलं, आधी त्यावर बोळ्यावरचा पत्ता उतरवला आणि मग लिहिलं.

"मित्रा, ये. लगेच ये. वहिनींचं वाचून काय लिहावं ते मला कळलं नाही, त्यात आठ महिने गेले. अजूनही कळलेलं नाही, समोर बसून बोलू. कधी येतोस ते कळव, घ्यायला येईन. तुझं पत्र कुत्र्याने खाल्लं, चुकांसकट."

"वाचून बघू?" त्यांनी सिस्टरना विचारलं.

"नको," सिस्टर म्हणाल्या आणि खोडरबराचा पट्टा त्यांच्या हातात दिला.

पट्टा हातात असल्याचा फायदा झाला. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत आप्पा चालत गेले नाहीत, ओढले गेले. पेटीशी मात्र त्यांचा हात फटीत अडकला. 'लगेच ये' हे हुकमासारखं वाटेल का? 'लवकर ये' बरं का? तेवढ्यात खोडरबराला पलीकडे एक मांजर दिसलं. त्याने हिसका दिला, आप्पांची बोटं सुटली, आणि आत कार्ड पडल्याचा आवाज आला. अगदी लहान आवाज. आठ महिने ज्याची भीती वाटली ती एवढीशी गोष्ट होती.

परतताना आप्पा चक्क गुणगुणत होते. घराच्या पायरीपर्यंत आले आणि एकदम थांबले. कार्डावर आपण सहीच केली नाही! ना आपलं नाव, ना आपला पत्ता. त्यांचे पाय आपोआप पेटीकडे वळले. कोपऱ्यावर टपालगाडी थांबली होती, पोत्याचं तोंड बांधलं जात होतं.

आप्पांनी क्षणभर विचार केला. मग खोडरबराचं डोकं थोपटलं आणि दार उघडलं. आठ महिने उशिरा, बिनसहीचं आणि केळ्याच्या वासाचं उत्तर पाठवणारा माणूस जुळाऱ्याच्या ओळखीत दुसरा कोण असणार?